गवत कापायचा रविवार

आमच्या घरासमोर दफनभूमी आहे, हे आम्हाला घर घेतानाच माहीत होतं. एजंटने ते लपवलं नव्हतं, आणि लपवणार तरी कसं? काळ्या दगडांची बुटकी भिंत, लोखंडी फाटक, आत जुनी उंच गमची, म्हणजे निलगिरीची झाडं, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या बाजूला. मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनाच्याही पुढे, उघड्या माळावर नवी वसाहत उभी राहत होती. प्लॉट भराभर जात होते, फक्त या एका रस्त्यावरचे शिल्लक होते. आपल्याकडचं गिऱ्हाईक गाडीतून उतरायचं, समोर बघायचं आणि परत गाडीत बसायचं. "शेजारी एकदम शांत आहेत," एजंट म्हणाला. हा विनोद पुढे आमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक माणसाने केला, आणि दर वेळी नुकताच सुचल्यासारखा केला.

माझा विचार सरळ होता. समोर कधी दुमजली घर उठणार नाही, इथे उत्तरेकडून येणारं ऊन अडणार नाही, आणि पाहुणे आले तर गाड्या लावायला जागा राहील. मी एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. ट्रक कुठे लागेल आणि माल कुठून निघेल, हे आधी बघायची सवय आहे. नवऱ्याने पुण्याला फोन केला तेव्हा सासरी पहिला प्रश्न आला, घरासमोर काय आहे. "झाडं आहेत. बाग म्हणा ना," तो म्हणाला. झाडं होतीच.

शेजारी नाशिकचं एक जोडपं आलं. त्यांनी प्लॉट व्हिडिओ कॉलवर पसंत केला होता, आणि कॅमेरा सगळा वेळ दुसऱ्या बाजूला वळलेला होता. माझ्या शेजारणीने पहिलं वर्षभर पुढच्या खोलीचा पडदा उघडला नाही. दाराला लिंबू-मिरची होती. बाई अतिशय चांगली, वेळेला धावून येणारी, पण सणवार, तिथी, सोवळंओवळं यात काडीचीही सूट देणारी नव्हे. आमचं दोघींचं पटायचं ते बाकीच्या सगळ्या गोष्टींवर.

फाटकावर 'पायोनियर सिमेट्री', म्हणजे इथे पहिल्यांदा येऊन वसलेल्यांची दफनभूमी, अशी पाटी होती. ती मी रोज वाचायचे आणि कामाला जायचे. आत जायचा प्रसंग आला तो एका बंद पडलेल्या मशीनमुळे. संध्याकाळी कामावरून येऊन मी कचऱ्याचा बिन आत घेत होते. फाटकापाशी ऐंशी ओलांडलेली एक गोरी बाई गवत कापायच्या मशीनची, ज्याला इथे व्हिपर स्निपर म्हणतात, त्याची दोरी ओढून ओढून घामाघूम झाली होती. मी रस्ता ओलांडला, चोक सरकवला, एकदा दोरी ओढली. मशीन सुरू झालं.

"तू समोरची का?" तिने विचारलं. "तुमच्यापैकी कुणी कधी इकडे येत नाही. मला वाटलं घाबरता."

"मी घाबरत नाही. काम असल्याशिवाय येत नाही."

"काम आहे की," म्हणाली, आणि मशीन माझ्या हातात देऊन मोकळी झाली.

इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, त्यात वय आड येत नाही. तिच्याशी बोलताना मीही तेच करायचे. घरी मराठीत मात्र ती पहिल्याच दिवशी 'आजी' झाली, आणि पुढे गल्लीतल्या सगळ्यांची.

त्या संध्याकाळी तिने मला सगळं फिरवून दाखवलं. आमची वसाहत उठायच्या कितीतरी आधी इथे गाव होतं. एक चर्च, एक शाळा, एक लोहार आणि घोडागाडीचे घोडे बदलायची खाणावळ. भोवती मेंढ्या, ओट्स आणि वारा. माळावरचे दगड वेचून लोकांनी शेतांच्या भिंती रचल्या आणि उरलेल्या दगडांत दफनभूमीची भिंत. मग रेल्वे दुसरीकडून गेली. दुकानं रेल्वेच्या मागे गेली, माणसं दुकानांच्या मागे गेली, आणि ज्यांना हलता येत नव्हतं तेवढेच इथे राहिले.

आतही गावासारख्याच आळ्या. डाव्या हाताला प्रेस्बिटेरियन, उजव्या हाताला कॅथलिक, मागे मेथडिस्ट, मध्ये पायवाट. "जन्मभर एकाच दुकानातून पीठ आणायचे," आजी म्हणाली, "मेल्यावर मात्र यांना एकमेकांचा शेजार चालत नव्हता." मला तिने हे समजावून सांगायची गरज नव्हती. पार कोपऱ्यात भिंतीला लागून एक चिनी माळी एकटाच होता. गावाने त्याच्या मळ्यातला कोबी वर्षानुवर्षं खाल्ला, पण त्याला कुठल्याही आळीत घेतलं नाही.

"आणि यांच्या आधी जे इथे राहत होते ते?" मी विचारलं. पाटीवरचा इतिहास मेंढ्यांपासून सुरू होत होता.

"त्यांची माणसं कुठे पुरली आहेत हे कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "पायोनियर हे नाव आमचं आम्हीच लावून घेतलंय, लव्ह."

मला ती तिथेच आवडली.

तिची पणजी याच दफनभूमीत होती. डावीकडच्या आळीत, मागच्या पट्ट्यात. नेमकी कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. पणजी तरुणपणीच बाळंतपणात गेली. पणजोबाची दगड घडवून घ्यायची ऐपत नव्हती. त्याने लाकडी क्रूस लावला, आणि बायकोने स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेले ब्लूबेलच्या फुलांचे कंद उपटून तिच्या थडग्यावर लावले. हे कंद ती स्कॉटलंडहून येताना जहाजातून मोज्यात भरून घेऊन आली होती. आज आणले असते तर एअरपोर्टवरच्या बायोसिक्युरिटीवाल्यांनी मोज्यासकट कचऱ्यात टाकले असते. माझं मेतकूट टाकलं होतं त्यांनी.

पुढे एका उन्हाळ्यात माळ पेटला आणि लाकडी क्रूस सगळे जळून गेले. फुलं तर आजीने जन्मात कधी पाहिली नव्हती. "मेली असतील कधीच," ती म्हणाली. "मध्ये कितीतरी वर्षं इथे मेंढ्याच सोडायचे."

नंतर तिने मला तिच्या गॅरेजमध्ये नेलं. डीप फ्रीझर आणि ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड यांच्या मधे एक घडवलेला काळा दगड भिंतीला टेकून उभा होता. त्यावर पणजीचं नाव, खाली 'पत्नी आणि आई'. आजीच्या नवऱ्याने तो हौसेने करून घेतला होता. तो गेला, दगड गॅरेजमध्येच राहिला, कारण ठेवायचा कुठे हे ठरत नव्हतं. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एकदा जमिनीखालचं बघणारं मशीन आणलं. मशीन म्हणालं, या पट्ट्यात बरीच माणसं आहेत. कोण कुठलं, ते त्याला सांगता येत नव्हतं. मग कौन्सिलने सुचवलं की दगड फाटकाशेजारच्या भिंतीत बसवून टाकू. "ती भिंतीत नाहीये," आजीने त्यांना सांगितलं.

अडचण अशी होती की आजी आता जाणार होती. मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डार्विनला हॉस्पिटलमध्ये कामाला होती आणि आईने एकटं राहू नये म्हणून मागे लागली होती. घर विकायला काढलं होतं, इथला वसंत ऋतू, म्हणजे नोव्हेंबर, संपायच्या आत रिकामं करून द्यायचं होतं. दगड विमानाने डार्विनला न्यायचा म्हणजे वेडेपणा. आणि नव्या मालकाच्या गॅरेजमध्ये सोडून जायचा, हे तिला झोपू देत नव्हतं.

"अंदाजाने ठेवून टाक," मी म्हटलं. "पट्टा तर तोच आहे ना."

"त्याच पट्ट्यात पणजोबाची दुसरी बायकोही आहे. तीही बिनदगडाची. पहिलीचं नाव चुकून दुसरीच्या उशाशी गेलं तर मी वर गेल्यावर दोघी मला फाडून खातील."



एके काळी इथे गवत कापायला पुष्कळ माणसं यायची. आता आजी होती आणि एक निवृत्त पोस्टमन होता, त्याचाही गुडघा नुकताच बदललेला. मी गल्लीच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला : रविवारी सकाळी समोर साफसफाई आहे, हातमोजे आणि टोप्या आणा. मग एकाने होकाराचा अंगठा दाखवला, आणि एकाने दाखवला म्हटल्यावर सगळ्यांनी दाखवला. मे महिन्यातला तो रविवार, थंडी नुकती सुरू झालेली. आयटीतली माणसं, आठवडाभर खुर्चीत बसलेली, मशीन हातात मिळाल्यावर अशी काही चेकाळली की पोस्टमनला त्यांच्या मागे लंगडत फिरून दगड सांभाळावे लागले. एक जण प्रत्येक थडगं वाचत होता, कुणी आपला सापडतोय का बघायला. नाही सापडला.

माझी शेजारीण फाटकाबाहेर राहून पोती धरणार होती, असं तिने आधीच सांगितलं होतं. पण भिंतीवरून तिला आतला तण दिसला आणि तिचं सगळं ठरलेलं कोसळलं.

"अगं, हा चाकवत आहे," ती म्हणाली. ती आत कधी आली हे तिलाही कळलं नाही. "एवढा कोवळा चाकवत. मी किती वर्षांत बघितला नव्हता."

"घे मग. ताक आहे घरी."

"इथला?"

"चाकवताला काय माहीत तो कुठे उगवलाय?"

"त्याला माहीत नसेल, मला माहीत आहे ना," ती म्हणाली, आणि एवढा सुंदर चाकवत तिने स्वतःच्या हाताने उपटून कचऱ्याच्या पोत्यात टाकला. प्रत्येक जुडी टाकताना एकदा हळहळली.

काम संपल्यावर आजीने जाहीर केलं, सगळ्यांनी आता माझ्याकडे चहाला यायचं, स्कोन्स भाजून ठेवलेत. तिचं घर जुन्या रस्त्यावर, चालत पाच मिनिटांवर. सगळे "येस, येस, थँक यू" म्हणाले आणि भराभर आपापल्या घरात शिरले. मी तशीच आजीबरोबर गेले. तिने टेबलावर चांगली कपबशी मांडली होती, स्कोन्सच्या छोट्या पावांना लावायला जॅम आणि क्रीम वाट्यांत काढलं होतं. किटली उकळली. कुणी आलं नाही. किटली गार झाली, तिने परत लावली. तरी कुणी नाही.

"माझं काही चुकलं का?" तिने विचारलं. "तुमच्यात दुसऱ्यांकडे खात नाहीत का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "खातात. भरपूर खातात. सगळे अंघोळीला गेलेत."

"सगळे? एकदम?"

"स्मशानातून आलं की अंघोळ केल्याशिवाय आम्ही घरात पाय ठेवत नाही. दुसऱ्याच्या घरात तर नाहीच. तुझ्या घराला शिवाशीव नको म्हणून तुझ्यासाठीच गेलेत ते."

आजीने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या बुटांना गवत चिकटलेलं होतं. "आणि तू?"

"मी हे मानत नाही."

"मी मानत असते तर?" ती म्हणाली, आणि मला हात धुवायला दुसऱ्यांदा पाठवलं.

थोड्या वेळाने दारात सगळे उभे. ओले केस, इस्त्रीचे झब्बे, बायकांच्या कपाळाला टिकल्या, माझ्या शेजारणीच्या हातात चिवड्याचा डबा. आजीला जन्मात कुणी तिच्या चहासाठी एवढं नटून आलेलं नव्हतं. त्या दिवशी स्कोन्स पुरले नाहीत, चिवडा पुरला.

हिवाळा गेला. आजीचं घर विकलं गेलं, खोकी भरायला लागली. फक्त गॅरेजमधला दगड होता तिथेच होता. सप्टेंबरचा दुसरा रविवार हा दफनभूमीत गवत कापायचा दिवस. आजीने हा दिवस स्वतः घालून दिला होता आणि लग्न, मयत, पाऊस काही असलं तरी कधी चुकवला नव्हता. ऊन तापलं की उंच गवतात साप येतात, त्याआधी गवत खाली बसवायचं, हे तिचं शास्त्र. मी ग्रुपवर तारीख टाकली. एकही अंगठा आला नाही. संध्याकाळी शेजारीण कुंपणापाशी आली.

"तू कॅलेंडर बघतेस का कधी?"

"रोज बघते. रविवार आहे."

"पितृपक्ष आहे."

मी कपाळाला हात लावला. "हे बघ, या पंधरवड्यात शुभकार्य करत नाहीत. बरोबर? स्मशानातलं गवत कापणं शुभकार्य कधीपासून झालं?"

"तसं नाही गं. आपले पितर घरी जेवायला येणार, आणि आपण काय करणार, तर दुसऱ्यांच्या पितरांच्या डोक्यावरून मशीन फिरवणार. बरं दिसतं का ते?"

"दुसऱ्यांचे पितर प्रेस्बिटेरियन आहेत. त्यांना हा पंधरवडा लागू नाही."

"पितर ते पितर," ती म्हणाली. आणि मोठं मशीन, ज्यावर बसून गवत कापतात ते, तिच्या नवऱ्याचं होतं. माझ्या नवऱ्याची पाठ धरलेली, पोस्टमनचा गुडघा तसाच. मी ग्रुपवर दोन कडक मेसेज टाकले. सगळ्यांनी वाचले. निळ्या खुणा दिसल्या, माणसं दिसली नाहीत.

आजीला सांगायला मीच गेले. तिला राग आला होता, पण कारण ऐकल्यावर तिची उत्सुकता रागापेक्षा मोठी झाली.

"म्हणजे तुमचे सगळे मेलेले पंधरा दिवस घरी राहायला येतात?"

"असं म्हणतात."

"आणि खातात काय?"

"खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. कावळ्याने पान शिवलं की पोचलं म्हणायचं."

"आमचे तर कधी हलतच नाहीत," ती म्हणाली. "ठीक आहे. तुमचे परत गेले की कापू. पण मी जायच्या आत कापा. मला सगळं नीटनेटकं बघून जायचंय. दगड राहिला तर राहिला, गवत तरी राहायला नको."

दगडाबद्दल ती पहिल्यांदाच असं बोलली. मला ते आवडलं नाही, पण करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

त्या पंधरवड्यात मला खिडकीतून एक गंमत बघायला मिळाली. नव्या वसाहतीतली झाडं काठीएवढी, त्यावर कावळा बसत नाही. कावळे सगळे समोरच्या गमवर. शेजारणीच्या सासऱ्यांची तिथी होती, तेव्हा ती पान वाढून नाइलाजाने रस्ता ओलांडून दफनभूमीच्या भिंतीवर ठेवायला गेली. पण तो मॅगपाय पक्ष्यांचा पिल्लांचा मोसम. काळापांढरा मॅगपाय तीरासारखा आला आणि तिच्या डोक्यावर टोच मारून गेला. ती डोक्यावर ताट धरून पळाली. नेमकी आजी तिथून गाडीने चालली होती. तिने काच खाली केली. "डार्लिंग, त्याला वडा नकोय. त्याला तू नकोयस." शेवटी नवऱ्याचं सायकलचं हेल्मेट घालून शेजारीण परत गेली, आणि मग एका कावळ्याने पान शिवलं. सासरे हेल्मेटला हसले असते, असं ती नंतर स्वतःच म्हणाली.

सर्वपित्री झाली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आता येत्या रविवारी? तर शेजारणीकडे घट बसलेले. "मग दिवाळी झाल्यावर कापू या का?" मी म्हटलं, "म्हणजे साप पण फराळाला येतील." माझा आवाज जरा चढला असावा, कारण तिचा नवरा आतूनच म्हणाला की रविवारी मशीन घेऊन येतो.

तोवर गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. गुरुवारी सकाळी मी डबे भरत होते. समोर जमीन मागे थोडी चढत जाते, त्यामुळे मागचा पट्टा भिंतीवरून दिसतो. तिथे गवतात निळी ताडपत्री पडलेली दिसली. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. नवी बांधकामं, माळावरचा वारा, कुणाचं तरी प्लॅस्टिक उडून येतं आणि दफनभूमीत अडकतं. रविवारी मशीनच्या पात्यात गुंतायला नको, म्हणून मी हातमोजे घातले, कचऱ्याची पिशवी घेतली आणि कामाला जायच्या आधी ती काढायला गेले.

जवळ गेले तर ती ताडपत्री नव्हती, फुलं होती. वीतभर, दीड वीत उंच दांडे, त्यांना एका बाजूला लवलेल्या निळ्या घंटा, खाली कांद्याच्या पातीसारखी जाड पानं. ती इतकी दाट की मध्ये गवताला शिरायला जागा नव्हती. आणि ती विखुरलेली नव्हती. एका माणसाच्या अंथरुणाएवढी जागा, लांबीला लांब, रुंदीला रुंद, कडा अजून बऱ्यापैकी सरळ. पट्ट्यात दुसरीकडे कुठेही एकसुद्धा नाही. मी पिशवी हातात धरून उभी राहिले. मग आजीला फोन केला आणि गोदामात कळवलं की उशीर होईल.

ती घरच्या चपलांतच आली. फुलांच्या कडेकडेने तिने एक फेरी मारली. मला वाटलं आता रडते की काय, मी खिशात रुमाल चाचपला. तर ती हसायलाच लागली.

"दुसरा रविवार," ती म्हणाली. "दर वर्षी दुसरा रविवार. कळ्या यायच्या आत मीच हिला कापत होते. माझ्या स्वतःच्या हाताने."

"मेंढ्यांनी पण खाल्ल्या असतील आधी."

"मेंढ्यांनी खाल्ल्या, मग मी कापल्या. बाई चिवट निघाली." ती खाली वाकली, एक पान चोळून वास घेतला. "दुसरीवर त्याने काही लावलं नव्हतं. ती त्याच्यानंतर गेली. म्हणजे ही पहिलीच."

"खात्री?"

"इतकी खात्री मला माझ्या नवऱ्याचीही नव्हती."

वजन हलवणं हे माझं काम आहे. रविवारी गोदामातली ट्रॉली आणली, प्लायवूडच्या फळ्या अंथरल्या, म्हणजे चाक कुणाच्या अंगावरून जायला नको. पोस्टमन पुढे उभा राहून डावं-उजवं सांगत होता. उशाकडचे थोडे कंद अलगद काढून पायथ्याशी लावले, खाली खडी ठोकून घेतली, आणि दगड बसवला. आजीने लेव्हल लावून बघितली. दगड जरासा डावीकडे कलला होता, तो आम्हाला परत काढायला लावला. बसवून झाल्यावर तिने त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाली, "झालं." फुलांभोवतीचं गवत सोडून बाकी सगळं कापलं. माझी शेजारीण या वेळी फाटकाबाहेर थांबलीच नाही. तिने घरून आणलेलं निरांजन दगडासमोर लावलं आणि मला म्हणाली, "तुझ्या दुसऱ्या रविवारी आलो असतो तर?"

मी म्हटलं, वाऱ्याने निरांजन विझतंय, हात आडवा धर.

आजीचं घर खोक्यांनी भरलेलं, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. म्हणून चहा माझ्याकडे होता. नवऱ्याने साबुदाण्याची खिचडी टाकली होती, शेजारणीचे नवरात्राचे उपास, म्हणून तिला चालणारी. सगळे अंघोळीला पांगले. आजी माझ्या दारापर्यंत आली आणि पायरीवरच थांबली.

"आत ये ना."

"अशी कशी येऊ? मी आत्ता तिथून आले."

"मी मानत नाही, सांगितलंय तुला."

"तू मानू नकोस. मी तुझ्या घरात येतेय." तिने चपला काढल्या. "टॉवेल कुठे आहे?"

तिच्याकडे बदलायला कपडे नव्हते. मी माझा एक सुती कुर्ता दिला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, पांढरे केस ओले, कुर्ता घोट्यापर्यंत, आणि आरशात स्वतःला एका बाजूने बघून म्हणाली की डार्विनच्या उकाड्यात हा बरा पडेल. कुर्ता परत आला नाही. तिने खिचडी दोनदा घेतली आणि मिरच्या बाजूला काढून रांगेत मांडल्या.

ती डार्विनला गेली त्याला आता काही वर्षं झाली. गवत कापायचा दिवस आम्ही पुढे सरकवला, सर्वपित्रीनंतरचा रविवार. कौन्सिलच्या पाटीवर फक्त 'वसंत ऋतूत' असं लिहिलेलं असतं. मी लोकांना सांगते की फुलं बहरून गेल्यावर कापायचं, हे साधं बागकाम आहे. शेजारीण लोकांना दुसरंच काहीतरी सांगते. पोस्टमन तिच्या बाजूने आहे.

सप्टेंबर लागला की डार्विनहून फोन येतो. तब्येत, हवा, मुलीच्या शिफ्टा वगैरे बोलून झालं की आजी विचारते, "तुमचे आले का जेवायला?"

"माझ्याकडे नाही. शेजारी आलेत."

"मग मशीन बाहेर काढलं नाहीस ना?"

मी भांडी घासता घासता खिडकीतून बघते आणि तिला सांगते, नाही काढलं, गवत गुडघ्याला लागलंय, निळं अजून दिसत नाही.